लालपेन मामाची एक्केचाळीस वळणं

लालपेनला स्वतःलाच गाडी चालवता येत नाही, असं गावात कुणीही सांगेल. केस कापायला बसलात तर न्हावी कात्री थांबवून सांगेल, की साहेबाचं लायसन खोटं आहे. शेजारचा वह्या-पेनांचा दुकानदार त्यावर कडी करेल: लायसन खरं आहे हो, पण ते साहेबाच्या जुळ्या भावाचं. साहेबाला जुळा भाऊ नाही, एक थोरली बहीण आहे. पण तीनदा नापास झालेल्या माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टींशी काय देणंघेणं.

लालपेन म्हणजे गाडीच्या लायसनची परीक्षा घेणारा साहेब. उंच, काटकुळा, मिशी इस्त्री केल्यासारखी. गुडघ्यावर पॅड, पॅडवर कागद, खिशाला लाल पेन. एकोणीस वर्षांत त्याने अर्ध्या गावाला नापास केलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला दोनदा नापास केलं. निकाल सांगताना आवाज चढत नाही की उतरत नाही. "गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. आपण आज उत्तीर्ण झालेला नाहीत. धन्यवाद." लोकांना नापास होणं तितकंसं लागत नाही, ते 'धन्यवाद' झोंबतं.

तर बोलवा खोटी आहे. लायसन त्याचंच आहे, पहिल्या झटक्यात, पैकीच्या पैकी मार्क घेऊन मिळवलेलं. पण अगदीच खोटी म्हणावी तर तसंही नाही. नोकरी लागल्या दिवशी तो शेजारच्या सीटवर बसला तो बसलाच. ऑफिसला सायकलने जातो, आणि कुत्रंसुद्धा नसलेल्या बोळात हात दाखवून वळतो. स्टेअरिंगला त्याचा हात लागतो तो रोज संध्याकाळी सात ते आठ, घरी, टीव्हीसमोर.

तिथे मात्र दुसराच माणूस दिसतो. प्लॅस्टिकचं स्टेअरिंग इस्त्रीच्या टेबलाला घट्ट आवळलेलं, त्यामुळे त्या तासात घरात कुणाच्या कपड्यांना इस्त्री होत नाही. बारा वर्षांपूर्वीचा गेम. त्यात एकच घाट त्याच्या आवडीचा: एक्केचाळीस वळणं, वरून खाली. गेममध्ये एक बाई असते, ती कोरड्या आवाजात पुढचं वळण सांगते. "शंभर मीटर. डावीकडे चार. जपून." एक म्हणजे गाडी जवळजवळ मागे वळून बघते असं वळण, सहा म्हणजे रस्त्याने नुसती मान हलवलेली. मामा बाईंचं सगळं ऐकतो, फक्त 'जपून' सोडून. कठड्याला घासतो, मेंढ्यांच्या कळपातून जातो, आणि तेविसाव्या वळणावर रस्ताच सोडून दगडाच्या खाणीत घुसतो तो थेट सव्विसाव्या वळणाला बाहेर पडतो. नऊ सेकंद वाचतात. दिवसभर लोकांना आरशात बघायला शिकवणारा माणूस संध्याकाळी "हट बाजूला, मेंढरांनो" म्हणत असतो, तेही खालच्या पट्टीत, कारण वर ताईला ऐकू जाईल.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती वरच्या मजल्यावर राहते, मुलीसोबत. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यात. मुलीला मामा 'टेप' म्हणतो. तिने कुणाचा आवाज एकदा ऐकला की झालं, तो तिच्या घशात जाऊन बसतो. शाळेचे मुख्याध्यापक, दूधवाला, गेममधली बाई, सगळे तिच्यापाशी आहेत. आणि सगळ्यांत चोख मामा. एकदा तिने ऑफिसच्या फोनवर मामाच्या आवाजात शिपायाला "टेबल पुसा, धन्यवाद" सांगितलं. शिपायाने पुसलं. मामाने ते टेबल पाहून विचारलं, आज काय विशेष, आणि शिपाई म्हणाला, तुम्हीच ना साहेब.

आता ताईचं. ताई वाचनालयात काम करते. तिथे एक पुस्तकांची गाडी आहे, लांबोडकी, हिरवी, आत तिन्ही बाजूंना फळ्या. आठवड्यातून पाच दिवस ती आसपासच्या वस्त्यांवर जाते. गाडीवरचे आजोबा निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी दोन नावं होती. एक ताईचं; तिला कुठल्या वस्तीवरच्या कुठल्या म्हाताऱ्याला ठळक अक्षरांचं पुस्तक लागतं तेसुद्धा पाठ. दुसरं नोंदणीच्या खिडकीवरच्या तरुणाचं. त्याच्याकडे लायसन होतं, आणि जुन्या पुस्तकांचा वास आला की त्याला सटासट शिंका यायच्या. ग्रंथपाल बाईंनी ताईला सांगितलं होतं, "गाडी तुझीच. मंगळवारी दुपारपर्यंत लायसन माझ्या टेबलावर ठेव."

आणि ताई तीनदा नापास झालेली होती. घरच्याच भावाकडून.

भावाने बहिणीची परीक्षा घेऊ नये, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला भीती वाटली असेल तर भाऊ पास करेल याची. हा भाऊ त्याच्या डोक्यात आला नसणार. गावात परीक्षक एकच. तिन्ही कागदांवर लाल शाईत एकच शेरा: 'निर्णय: अयोग्य.' त्याचा अर्थ काय ते मामा सांगायचा नाही. ताईने आपली कारणं आपणच शोधली होती. पहिल्यांदा हात स्टेअरिंगवर उलटसुलट गेले म्हणून. दुसऱ्यांदा गाणं गुणगुणले म्हणून. तिसऱ्यांदा समोरून वाचनालयातली बाई आली, तिला हात केला म्हणून. चौथी परीक्षा सोमवारी सकाळी नऊला होती. ती हुकली की पुढची तारीख दीड महिन्याने. जुनी छोटी गाडी दीड वर्ष दारात उभी होती, तिच्या टपावर शेजाऱ्याचं मांजर राहायला आलं होतं.

घाटाचा शोध लावला टेपने. शुक्रवारी संध्याकाळी ती नकाशा घेऊन खाली आली आणि मामाच्या खेळात मध्येच उभी राहिली.

"मामा, हा घाट खरा आहे."

"बाजूला हो, एकोणिसावं वळण आहे."

"एकशे साठ किलोमीटरवर. हे बघ, खाणसुद्धा दाखवलीय."

मामाने नकाशा बघितला. टीव्हीवरची गाडी तोवर दरीत गेली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने 'पुन्हा सुरू करा'चं बटण दाबलं नाही.

रविवारी पहाटे मांजराला उठवून तिघं निघाली. सौदा सरळ होता: ताईला लांबचा सराव हवा होता, शेजारी लायसनवाला बसला की शिकाऊ पाटी लावून तिला चालवता येत होती, मामाला घाट बघायचा होता, आणि टेपला ही दोघं एका गाडीत सहा तास बघायची होती.

"पॅड कशाला घेतलंयस?" ताईने पट्टा लावता लावता विचारलं.

"सवय."

"छोटू, आज परीक्षा नाहीये."

"मी कुठे काय म्हणतोय. तू चालव." सव्वासहा फुटांच्या माणसाला छोटू म्हणणारी जगात ती एकटीच.

सपाटीवर ताईने गाडी छान चालवली. मामा खिडकीबाहेर बघत होता, पण दर वळणाला त्याचा अंगठा पेनाच्या टोपणावर टकटक करायचा. टक एकदा झालं की ठीक, दोनदा झालं की ताईला घाम. मागून टेप अधूनमधून हवापाण्याच्या बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगत होती, "पुढच्या सीटवर ढगाळ वातावरण राहील."

घाटाच्या पायथ्याशी मामा म्हणाला, "थांबव. इथून मी."

ताईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो म्हणाला असावा की इथून मी उडत येतो. "तू? कधी चालवली होतीस शेवटची?"

"काल संध्याकाळी."

"खरी."

दार उघडून तो पलीकडून आला, सीट मागे सरकवली, आरसा लावला, पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो थोडा वेळ नुसता बसला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की टेपलासुद्धा काही आवाज सुचला नाही.

गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. गेमच्या स्टेअरिंगला क्लच नव्हता. चौथ्यांदा ती निघाली ती पहिल्या गिअरमध्ये, आणि त्या गिअरवर मामाचा जीव जडला. इंजिन ओरडत होतं. दरी उजवीकडे होती, म्हणून गाडी डावीकडच्या डोंगराला इतकी चिकटून चालली होती की खिडकीतून गवत आत यायचं.

"हे वळण नाहीये," मामा म्हणाला.

"वळण आहे छोटू, वळ."

"म्हणजे हे ते नाहीये. इथे झाड हवं. इथलं काहीच ओळखीचं नाहीये."

टेप मागून पुढे झुकली. "मामा, गेममध्ये आपण घाट उतरतो. आत्ता चढतोय. सगळं उलट्या बाजूने आहे."

मामाने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. बारा वर्षं रोज ज्या घरी जातो त्याच घरी कुणीतरी मागच्या दाराने नेलं, आणि आत शिरल्यावर चहाचा डबासुद्धा सापडू नये, तसं त्याचं झालं.

मागे गाड्यांची रांग लागली. एका रुंद जागी मालाचा ट्रक बरोबरीला आला, ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "काका, गाडी चालवताय का मिरवताय?"

"ठरवून दिलेल्या वेगमर्यादेच्या आत आहे," मामा समोर बघत म्हणाला.

"आत काय, तळाला आहात तुम्ही."

"आणि आपण दुहेरी रेषेवर आहात. धन्यवाद."

ट्रक हसत हसत निघून गेला. ताईने तेवढ्यात मामाच्या सीटखालचं पॅड काढलं. लाल पेन त्याच्या खिशातून अलगद उपसलं. टोपण काढलं. टक.

"ताई, काय करतेस?"

"समोर बघा," ताई म्हणाली. "उमेदवाराने परीक्षकाशी गप्पा मारू नयेत."

नंतरचे आठ किलोमीटर पुस्तकांची गाडी, मंगळवार, ग्रंथपाल बाई, सगळं ताईच्या डोक्यातून गेलं होतं. दीड वर्षाचा वचपा ती एका कागदावर काढत होती. इंजिन बंद पाडणे, तीन. आरसा न बघणे. वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावणे, दोन. माथ्यावर पोचल्यावर तिने टेपकडे बघून मान हलवली, आणि टेपने हुबेहूब मामाच्या आवाजात, न चढवता न उतरवता, सांगितलं:

"गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. आपण आज उत्तीर्ण झालेला नाहीत. धन्यवाद."

मामाने कागद मागितला. ताईला वाटलं आता हा फाडणार. त्याने पेनही मागितलं, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि खाली आणखी दोन चुका लिहिल्या. 'उतारावर थांबताना चाक डोंगराकडे वळवले नाही.' 'दुसऱ्या चालकाशी वाद.' मग शेवटी सही करून कागद तिला परत दिला.

"बावीस चुका. बरोबर आहे."

ताईचं हसू ओसरलं. मामा उतरून चालायला लागला होता. माथ्यावर एक पाण्याची टाकी होती, तिच्यापाशी जाऊन तो उभा राहिला.

"गेममध्ये इथूनच सुटतो," तो म्हणाला. "पण ती टाकी पिवळी आहे."

ही निळी होती. मामाने नखाने एका कोपऱ्यात खरवडलं. निळा पापुद्रा सुटला आणि खाली पिवळा रंग निघाला. मामा कितीतरी वेळ त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून उभा होता. मग त्याने मागे वळून खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि त्याच्या मिशीखाली पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"ताई, तू चालव. मी सांगतो."

तो शेजारच्या सीटवर बसला. पट्टा लावला, पॅड गुडघ्यावर घेतलं, आणि डोळे मिटले.

"डोळे का मिटलेस?"

"उघडे ठेवले की खरा रस्ता मध्येमध्ये येतो. चल. ऐंशी मीटर. उजवीकडे पाच."

ऐंशी मीटरवर उजवीकडे पाच होतं. रस्त्याने नुसती मान कलती केलेली. "साठ. डावीकडे तीन. आतल्या बाजूला दगड." दगड होता. दुसऱ्या वळणापासून टेपने मागून तेच गेममधल्या बाईच्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. ताईच्या एका कानात भाऊ आणि दुसऱ्यात बाई.

"एकच कुणीतरी बोला," ताई म्हणाली. "नाहीतर दोघांना इथे उतरवीन."

टेप गप्प बसली. आणि मग खरी मजा सुरू झाली. मामा सांगत होता, ताई वळवत होती. मेंढ्यांचा कळपसुद्धा आला, आणि 'हट बाजूला' असं डोळे मिटलेला मामा पुटपुटला तरी ताई थांबली, मेंढ्या गेल्या, मग निघाली. स्टेअरिंगवरचे हात उलटसुलट जात नव्हते. ती गुणगुणत होती, तिला कळतही नव्हतं. लहानपणी सायकलवर हाच मागे बसून सांगायचा, आता खड्डा, आता उतार, आणि ती डोळे झाकून विश्वास ठेवायची. आता डोळे त्याने मिटले होते, एवढाच फरक.

"बाविसावं. डावीकडे दोन. सावकाश. छान." परीक्षक 'छान' म्हणाला हे ऐकून टेपने मागे स्वतःला चिमटा काढला. "चाळीस मीटर. तेवीस. सरळ. रस्ता सोड, खाणीत घुस."

समोर रस्ता डावीकडे वळत होता. उजव्या हाताला मातीचा रुंद पट्टा, त्यापुढे दोन खांब, खांबांमध्ये साखळी, साखळीला पत्र्याची पाटी.

ताईचा हात उजवीकडे वळायला निघाला होता. छोटू सांगतोय. बावीस वळणं त्याने अचूक सांगितली. मग तिने आरशात बघितलं, इंडिकेटर लावला, ब्रेक दाबला आणि गाडी मातीच्या पट्ट्यावर, साखळीच्या चांगली दहा हात अलीकडे, थांबवली. हँडब्रेक ओढला.

"का थांबलीस?"

"पाटी आहे. प्रवेश बंद."

मामाने डोळे उघडले. साखळीकडे बघितलं, पाटी वाचली, ताईकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. नंतर त्याने पॅडवरचा नवा कागद पुढे ओढला आणि हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"उमेदवाराने परीक्षकाच्या कागदात डोकावू नये."

"बरं बाबा. पुढचं सांग. चोवीस?"

मामाने घसा साफ केला. "चोवीस आणि पंचवीस मला माहीत नाहीत."

"म्हणजे?"

"मी त्या वळणांवर कधी गेलेलोच नाही. मी खाणीतून जातो."

बारा वर्षं रोज तोच घाट उतरणाऱ्या माणसाला त्यातली दोन वळणं ठाऊक नव्हती, नऊ सेकंदांपायी. ताईने हँडब्रेक सोडला. मागे बघितलं, बाजूला बघितलं, आणि निघाली. चोविसावं वळण लांबलचक होतं, संपेचना. मध्येच ते आवळत गेलं तेव्हा तिने आधीच गिअर खाली घेतलेला होता. पंचविसाव्याच्या पोटात सगळी दरी एकदम उघडी पडली. कुणी काही सांगत नव्हतं. पेनाचं टोपण एकदा टक वाजलं, तेवढंच. मामा डोळे उघडे ठेवून बघत होता.

"छान आहेत दोन्ही," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं." आणि मग डोळे मिटून, "सव्वीस. उजवीकडे चार."

पायथ्याच्या चहाच्या दुकानात बसल्यावर ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तसंच विरघळून तळाला गेलं.

"छोटू, तिसऱ्या परीक्षेत पोस्टापाशी तू मला डावीकडे घ्यायला सांगितलंस. ती एकेरी वाट आहे."

मामा चहा पीत होता.

"दुसऱ्या वेळी हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवायला सांगितलीस. तिथे थांबायला बंदी आहे. आणि पहिल्यांदा पुलावर पुढची गाडी ओलांडायला लावलीस."

"परीक्षक निकालाची कारणं सांगत नाही."

"तू मुद्दाम चुकीचं सांगतोस."

"प्रत्येकाला. दर परीक्षेत एकदाच. एकोणीस वर्षं." मामाने कप खाली ठेवला. "बाकीचे निदान चाचरतात. साहेब म्हणतोय खरं, पण पाटी काय म्हणतेय, असं बघतात. तू नाही बघत."

"तू सांगितलंस म्हणून गेले ना मी. साहेबाने सांगितलं असतं तर बघितलं असतं. पण सांगणारा छोटू होता."

"तेच तर. त्या हिरव्या गाडीत शेजारी मी नसणार. कुणीतरी म्हातारा चढेल, म्हणेल, घ्या बाई इथूनच, माझं घर जवळ पडतं. मागे सगळी पुस्तकं. मग?"

ताईने चमच्याने तळाचं बिस्कीट काढून खाल्लं. टेप मात्र खुर्चीत सरसावून बसली, कारण तिला शिकार दिसली होती.

"मामा, पैज. उद्या तू आईला एक चुकीची सूचना देणार."

"का देणार?"

"कारण प्रत्येकाला देतोस, दर परीक्षेत एकदाच, एकोणीस वर्षं." हे तिने त्याच्याच आवाजात म्हटलं. "दिलीस तर आईला आता माहितीय, ती पास, आणि मी पैज जिंकले. नाही दिलीस तर तुझी परीक्षा अपुरी. तुझा नियम तूच मोडलास."

मामाने विचार केला. "काय लावतेस?"

"मी जिंकले तर महिनाभर सात ते आठ स्टेअरिंग माझं."

"आणि हरलीस तर महिनाभर माझा आवाज काढायचा नाही. घरात नाही, शाळेत नाही, फोनवर तर नाहीच."

टेपने हात पुढे केला. इतकी पक्की पैज तिने जन्मात लावली नव्हती.

सोमवारी सकाळी नऊला ताई गाडीत बसली. शेजारी साहेब होते, छोटू नव्हता. टेप दाढदुखीच्या नावाखाली शाळा बुडवून ऑफिसच्या कठड्यावर बसली होती.

"पुढच्या चौकात डावीकडे घ्या."

ताई चौकाच्या अलीकडे थांबली. पाटी वाचली. दुसरी पाटी वाचली. एका पाटीवर कपड्यांच्या दुकानाची जाहिरात होती, तीही वाचली. मग वळली. "इथे थांबवा," म्हटल्यावर तिने खाली उतरून जमिनीवरचे पट्टे बघायचं तेवढं बाकी ठेवलं. पोस्टापाशी मामा म्हणाला, "सरळ." ताईने संशयाने त्याच्याकडे बघितलं. सरळ जाण्यात कसली खोच असेल ते तिला कळेना. तिने तरी आरसा बघितला, बाजू बघितली आणि सरळ गेली. वाचनालयातली बाई नेमकी त्याच वेळी समोर आली. ताईने हात नाही केला, नुसत्या भुवया उंचावल्या. चाळीस मिनिटं ती वाट बघत होती. प्रत्येक सूचना बरोबर निघत होती, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

"गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा."

ताईने डोळे मिटले.

"आपण उत्तीर्ण झाला आहात. धन्यवाद."

ती रडली की हसली हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. "छोटू," एवढंच म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर जोरात एक चापट मारली. साहेबांनी खांदा चोळला आणि कागदावर तेवढं नोंदवलं नाही.

टेप धावत आली होती. "पास? झालीस? मग कुठे दिली चुकीची सूचना? कुठल्या वळणावर?"

"दिलीच नाही," ताई म्हणाली आणि तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं.

"मग परीक्षा अपुरी," टेप मामाकडे वळली. "नियम मोडलास."

मामाने पॅडवरचा कागद फिरवून तिच्यापुढे धरला. 'चुकीची सूचना' असा रकाना होता, त्यात लाल शाईत, सुबक अक्षरांत, रविवारची तारीख घालून लिहिलेलं होतं: 'घाट, तेविसावे वळण. उमेदवाराने सूचना नाकारली. निर्णय: योग्य.'

"दर परीक्षेत एकदाच," मामा म्हणाला. "या परीक्षेतली ती कालच देऊन झाली होती. तू पैज लावलीस तेव्हा कागद माझ्या मांडीवर होता."

"खोटं. घाटात तुझे डोळे मिटलेले होते. तू सवयीने बोललास. तुझे कान लाल झाले होते, मी पाहिलंय."

"परीक्षक कारणं सांगत नाही," मामा म्हणाला. कान आत्ताही लाल होते.

टेपने त्याच्याच आवाजात काहीतरी सणसणीत म्हणायला तोंड उघडलं, आणि मामाने लाल पेन वर केलं. टक. तिने तोंड मिटलं.

हिरवी गाडी मंगळवारपासून ताईची झाली. मामा आता संध्याकाळी चोवीस आणि पंचवीस ही वळणंही घेतो, नऊ सेकंद उशिरा पोचतो आणि तिथे जरा वेग कमी करून दरीकडे बघतो. टेपने मात्र आज अठरा दिवस मामाचा आवाज काढलेला नाही. बारा उरलेत, आणि घसा सारखा खाजतोय. पण लिहून काढायला बंदी आहे असं पैजेत कुठे ठरलेलं नव्हतं. म्हणून हरलेल्या टेपने, म्हणजे मी, त्याला इथे कागदावर बोलतं केलंय. वाचून झाल्यावर मामा काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे, अगदी त्याच्या पट्टीत. ते मात्र बारा दिवसांनी.